आईच्या गुडघ्यांसाठी स्टेम सेल इंजेक्शन: पैसे भरायच्या आत विचारतोय

म्हार्दोळकर

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर, लॅबवाले, फार्मसीतले लोक आहेत हे पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईचं वय त्रेसष्ट. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ लिहिलंय, म्हणजे सांध्याच्या झिजेची चारपैकी तिसरी पायरी. आमची जायांची (जाईच्या फुलांची) लागवड आहे. दुपारी कळ्या खुडायच्या आणि त्या उमलायच्या आत फाती (फुलांच्या माळा) ओवून संपवायच्या, हे काम आई लग्न होऊन आली तेव्हापासून जमिनीवर मांडी घालून करत आलीय. आता मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसते, पण उठल्यावर लगेच चालू शकत नाही. दाराची चौकट धरून थोडं थांबते, पाय मोकळा करते आणि मग पहिलं पाऊल टाकते. देवळाच्या पायऱ्या चढणं तिने सोडून दिलंय. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत.

मागच्या रविवारी पणजीत एका हॉटेलात मोफत गुडघेदुखी शिबिर होतं. गोव्याबाहेरून डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलं की पोटाची चरबी थोडी काढायची, यंत्रात फिरवायची, त्यातून मेसेनकायमल स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि तासाभरात दोन्ही गुडघ्यांत भरायच्या. नवीन कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची मऊ गादी) तयार होईल, ऑपरेशन टळेल. दोन्ही गुडघ्यांचे मिळून दोन लाख ऐंशी हजार. या आठवड्यात नाव नोंदवलं तर त्याच पेशींचं सलाईन मधुमेहासाठी फुकट. पत्रकावर गुडघ्यांशिवाय मूत्रपिंड, पार्किन्सन, लकवा, ऑटिझम, वंध्यत्व हेही छापलंय.

मुदत ठेव मोडली तर पैसे होतील. बाबा म्हणतात, आईच्या पायांपेक्षा पैसे मोठे नाहीत, आणि ते खरंच आहे. पण एकाच गोष्टीने एवढे सगळे आजार बरे होतात हे मनाला पटत नाही. कुणाला खरी माहिती असेल तर सांगा. हे शास्त्र खरं आहे की नाही?


ताळगांवचा

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी मुंबईत असंच चरबीतून काढलेलं इंजेक्शन घेतलं. आज तो रोज मिरामारला चालायला जातो. आधी आल्तिनोचा चढ चढताना मधेच थांबायचा. त्यामुळे सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ऑपरेशनची भीती असलेल्या माणसाला हा एक मार्ग आहे. फक्त डॉक्टर चांगला पाहून घ्या.


डिचोलीची

म्हार्दोळकर, तुम्ही पैसे भरायच्या आत विचारलंत हे फार बरं केलंत. मी बेंगळूरला एका प्रयोगशाळेत बरीच वर्षं याच पेशी वाढवत होते. आता गावी परत आलेय आणि शिकवते. हा विषय माझ्या जिवाजवळचा आहे, म्हणून लांब लिहिणार आहे, सावकाश वाचा.

शास्त्र खरं आहे. तुम्हाला विकायला काढलेली वस्तू मात्र ते शास्त्र नाही.

या पेशी म्हणजे काय ते आधी सांगते. १९६० ते ७० च्या दशकात मॉस्कोत फ्रीडेनश्टाइन यांनी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, अशा पेशी दाखवल्या ज्या भांड्याच्या तळाला चिकटून वाढतात आणि हाड तयार करू शकतात. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी त्यांना ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव दिलं. अस्थिमज्जा, चरबी, बाळाची नाळ अशा ठिकाणी त्या सापडतात. पण किती? अस्थिमज्जेतल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे जेमतेम एक. म्हणून उपचाराला पुरतील एवढ्या पेशी हव्या असतील तर त्या प्रयोगशाळेत वाढवाव्याच लागतात, आणि त्याला आठवडे लागतात.

मी ते रोज करत होते. सपाट प्लास्टिकच्या बाटलीत गुलाबी द्रव, ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पहिल्या दिवशी बाटलीत सगळं गढूळ असतं, तऱ्हेतऱ्हेच्या रक्तपेशी तरंगत असतात. दोन-तीन दिवसांनी द्रव बदलला की तरंगणारं सगळं वाहून जातं आणि तळाला मोजक्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी उरतात. त्या वाढू लागल्या की सूक्ष्मदर्शकाखाली पेडवे माशांचा थवा एका दिशेने वळावा तशा दिसतात. बाटलीचा तळ ऐंशी टक्के भरला की ट्रिप्सिन, म्हणजे चिकटलेल्या पेशी सुट्या करणारं द्रव्य, घालायचं. पेशी गोल होतात, तळ सोडतात, मग त्या चार बाटल्यांत वाटायच्या. द्रव गुलाबीचा पिवळा व्हायला लागला तर समजायचं की पेशींना खाणं कमी पडलंय. अशा वेळी रविवार असो की चतुर्थी, कुणीतरी जाऊन द्रव बदलायचाच. चतुर्थीला गावी न येता आल्याचं दुःख ज्याला ठाऊक आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल.

आणि वाढवून झालं म्हणजे संपलं असं नाही. ही खरंच तीच पेशी आहे का, हे सिद्ध करावं लागतं. २००६ साली यासाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरले: प्लास्टिकला चिकटली पाहिजे, पृष्ठभागावर सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ ही चिन्हं हवीत, रक्तपेशींची चिन्हं नकोत, आणि प्रयोगशाळेत तिच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा या तिन्हींच्या पेशी तयार करून दाखवता आल्या पाहिजेत. मग गुणसूत्रं तपासायची, जिवाणूंचं विष तपासायचं, मायकोप्लाझ्मा तपासायचा. मायकोप्लाझ्मा हा असा जंतू आहे की बाटलीतला द्रव स्वच्छ दिसतो आणि आत तो असतो. सापडला तर अख्खी बॅच टाकून द्यायची. निर्जंतुकतेच्या नेहमीच्या चाचणीलाच चौदा दिवस लागतात. पास झालेल्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

आता तुमच्या शिबिरातला तास आठवा. तासाभरात चरबी काढून, फिरवून, परत गुडघ्यात. त्यात चरबीतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात, रक्तपेशी असतात, तंतू असतात आणि थोड्याफार या स्टेम सेलही असतात. किती, ते कुणी मोजलेलं नसतं. कुठली चाचणी तासाभरात होते? म्हणून मी त्याला मेसेनकायमल स्टेम सेलचा उपचार म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोकांना वाटतं की पेशी गुडघ्यात गेली, तिथे रुजली आणि तिची कूर्चा झाली. भांड्यात तिची कूर्चा बनते हे खरं, पण माणसाच्या गुडघ्यात टोचलेल्या बहुतेक पेशी फार काळ टिकतच नाहीत. असतील तेवढा काळ त्या रसायनं सोडतात, सूज घटवतात, शरीरातल्या भडकलेल्या प्रतिकारपेशींना आवरतात. त्यांचं मुख्य काम हेच. हे लक्षात आलं की त्या कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नाही याचा उलगडा होतो. जिथे आजाराच्या मुळाशी भडकलेली प्रतिकारशक्ती किंवा सूज आहे, तिथे त्यांनी खरी कामगिरी करून दाखवलीय.

त्यातलं माझ्या मनात कायम राहिलेलं उदाहरण रक्ताच्या आजारातलं आहे. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलाला दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली की कधी कधी त्या नव्या मज्जेतल्या प्रतिकारपेशी मुलाच्याच शरीरावर उठतात. कातडी सोलवटते, आतडं रक्ताळतं, यकृत बिघडतं. स्टिरॉइडने आवरलं नाही तर पुढचे दिवस फार कठीण असतात. २००४ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कतरीना ल ब्लाँ यांच्या गटाने अशाच एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईच्या मज्जेतून वाढवलेल्या या पेशी शिरेतून दिल्या आणि तो सावरला. त्यानंतर जपानने २०१५ मध्ये या आजारासाठी अशा पेशींच्या औषधाला मान्यता दिली. अमेरिकेने १८ डिसेंबर २०२४ ला ‘रायोनसिल’ या अशाच औषधाला दिली, तीही फक्त मुलांसाठी आणि फक्त स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या आजारासाठी. ज्या चाचणीवर ही मान्यता मिळाली तिच्यात ५४ मुलं होती आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ७० टक्के मुलांमध्ये आजाराला उतार दिसला. १९९१ ते २०२४, नुसत्या नावापासून अमेरिकेतल्या पहिल्या औषधापर्यंत तेहेतीस वर्षं गेली. एवढ्या मेहनतीने मिळवलेलं नाव कुणीही उठून हॉटेलातल्या पत्रकावर छापतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

उलटंही सांगायला हवं. क्रोन्सच्या आजारात (आतड्यांना सूज येते तो) गुदद्वाराजवळ जे भगंदर होतं त्यासाठी चरबीतल्या पेशींचं ‘अलोफिसेल’ हे औषध युरोपात २०१८ मध्ये मान्य झालं होतं. पुढे मोठी चाचणी झाली, तिच्यात ते पेशी नसलेल्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही, आणि २०२४ च्या डिसेंबरात ते बाजारातून काढून घेतलं. पेशी रीतसर वाढवलेल्या, तपासलेल्या होत्या, तरी असं झालं.

आता गुडघे. भारतात यासाठी रीतसर मान्यता असलेलं एक औषध आहे हे तुम्हाला शिबिरात कुणी सांगितलं नसेल. बेंगळूरच्या स्टेम्प्युटिक्सचं ‘स्टेम्प्युसेल’. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून, एकत्र करून, गोठवून ठेवलेल्या असतात. या पेशी दुसऱ्याच्या शरीरात सहसा प्रतिकार जागा करत नाहीत, म्हणून रक्तगटासारखं जुळवावं लागत नाही. औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी, ग्रेड २ आणि ३ साठीच, त्याला मान्यता दिली. एका गुडघ्यात एकदा, अडीच कोटी पेशी. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १४६ रुग्ण होते. वर्षभरानंतर पेशी मिळालेल्यांचं दुखणं आणि आखडणं पेशी न मिळालेल्या गटापेक्षा जास्त कमी झालेलं होतं. म्हणजे तुमच्या आईंचा ग्रेड त्यात बसतो.

पण लगेच तिकडे धावू नका. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतली आणखी मोठी चाचणी आली, सुमारे ४८० रुग्णांची. एका गटाला अस्थिमज्जेचा अर्क, दुसऱ्याला चरबीतून काढलेल्या पेशी (तुम्हाला सांगितल्या त्याच जातीच्या), तिसऱ्याला नाळेतल्या पेशी, चौथ्याला साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन. वर्षाअखेरीस दुखण्यात कुठलाच पेशींचा गट स्टिरॉइडच्या पुढे नव्हता. एमआरआयमध्येही फरक नव्हता. म्हणून ‘दुखणं काही जणांचं कमी होतं’ इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येते. ‘नवीन कूर्चा येईल’ असं जो म्हणतो त्याला मी पैसे देणार नाही.

ताळगांवचे दादा, तुमच्या भावाला बरं वाटतंय याचा आनंदच आहे. फक्त एक लक्षात घ्या: गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या गटातही बऱ्याच लोकांचं दुखणं काही महिने कमी होतं, चाचण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यातच माणूस उत्साहाने चालायला लागतो, वजन उतरतं, मांडीत ताकद येते. एकट्या माणसाकडे बघून यातलं कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. म्हणून तर दोन गट करावे लागतात.


केरी-सत्तरी

ताईंनी लिहिलंय त्याला माझ्या घरातली गोष्ट जोडतो. माझा मेहुणा खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, घरी बसला, बिड्या वाढल्या. चाळीशीही झाली नव्हती तेव्हा पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. रात्री पाय खाटेवरून खाली सोडून बसायचा, तेवढंच बरं वाटायचं. अंगठा काळा पडला. बर्गर्सचा आजार निघाला, पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात तो. अंगठा कापावा लागला आणि पुढे घोट्यापर्यंत जाईल असं सांगितलं.

गोव्याबाहेरच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला या पेशी दिल्या. पोटरीत बऱ्याच ठिकाणी टोचल्या आणि जखमेच्या कडेलाही. आधी सगळे कागद दाखवले, औषधाचं नाव, बॅच नंबर, सरकारची परवानगी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एक बिडी जरी ओढलीस तर माझ्याकडे परत येऊ नकोस. त्याने बिडी सोडली. काही महिन्यांनी जखम भरली. पाय राहिला. आता बाजारात भाजी विकायला बसतो.

ताई, हे पेशींमुळे झालं की बिडी सोडल्यामुळे? घरात यावर अजून वाद चालतो. बहीण म्हणते देवामुळे.


डिचोलीची

केरीचे भाऊ, तुमच्या मेहुण्यांचा पाय वाचला हे वाचून फार बरं वाटलं. बर्गर्समध्ये तंबाखू सोडणं हाच मुख्य उपचार आहे. तो सुटला नाही तर बाकी काहीही दिलं तरी बोटं जात राहतात. पेशी त्याच्यावर दिलेली मदत आहे. त्या अशी द्रव्यं सोडतात ज्यांनी बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते, जखमेतली सूज उतरते. स्टेम्प्युसेलला पहिली परवानगी २०१६ मध्ये याच आजारासाठी मिळाली होती, आधी मर्यादित स्वरूपात. खाणीवर, ट्रकवर, होड्यांवर बिडी ओढणारी आपली कितीतरी माणसं आहेत, तरुण वयात पोटरी दुखून थांबावं लागतं आणि ते कुणाला सांगत नाहीत. जखम न भरण्याची वाट बघू नका, पोटरी दुखायला लागली की दाखवा, हे तुमच्या मेहुण्यांनीच चार जणांना सांगितलं तर त्याचा उपयोग माझ्या लिहिण्यापेक्षा जास्त होईल.


म्हार्दोळकर

ताई, सगळं आईला वाचून दाखवलं. बाबांनाही. आज त्या शिबिरवाल्यांना फोन केला आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून विचारलं, पेशी मोजता का, कुठल्या चाचण्या करता. बाई म्हणाल्या, आमची लॅब आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मान्यताप्राप्त आहे. लेखी पाठवा म्हटलं तर व्हॉट्सअॅपवर एक प्रमाणपत्र आलं, ते कंपनीच्या नोंदणीचं निघालं. मग म्हणाल्या, ही आमची चाचणी चालू आहे, तुमच्या आईला चाचणीत घेऊ, पण खर्च तुमचाच.

चाचणीत असेल तर मग सरकारी नियमाप्रमाणेच झालं ना? आणि ते मधुमेहाचं सलाईन, ते तरी निदान निरुपद्रवी असेल का? आईला त्याचीच जास्त आशा वाटतेय. इन्सुलिनपर्यंत गेलेली दोन माणसं तिने घरात पाहिलीत.


डिचोलीची

चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. चाचणी खरी असेल तर औषध फुकट असतं, आधी तुमच्या भाषेत लिहिलेलं संमतिपत्र वाचायला देतात, नीतिसमितीची मान्यता असते, आणि अपाय झाला तर उपचार व भरपाई त्यांच्यावर असते. सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, जून २००९ पासून देशातली प्रत्येक औषधचाचणी तिथे नोंदवणं बंधनकारक आहे. इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. त्यांच्याकडे सीटीआरआय क्रमांक मागा. मिळाला तर तो तिथे टाकून बघा: आजार कुठला, इस्पितळ कुठलं, डॉक्टर कोण. हॉटेलातलं शिबिर त्यात बसतं का ते लगेच दिसेल.

आणि आयसीएमआर कुणाला अशी मान्यता वाटत नाही. त्यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उलट साफ लिहिलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांत अस्थिमज्जा वगैरे देतात ते सोडून, मूलपेशींचा (स्टेम सेलचा) वापर रीतसर चाचणीबाहेर करू नये. औषध नियंत्रकांनी नंतर मान्य केलेलं औषध ही वेगळी वाट, तिला बॅच नंबर आणि कागद असतो, केरीच्या भावांनी सांगितला तसा.

सलाईनबद्दल. शिरेतून दिलेल्या या पेशी आकाराने मोठ्या असतात, त्या आधी फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि बहुतेक तिथेच काही दिवसांत संपतात. प्रतिकारशक्ती आवरायला तेही पुरतं, म्हणून त्या मुलांना उपयोग झाला. पण स्वादुपिंडात जाऊन इन्सुलिन तयार करतील असं नाही. गोळ्या सोडून चालतील, इन्सुलिन लागणार नाही, असं सांगणारा माणूस तुमच्या आईंच्या भीतीचा फायदा घेतोय. मी त्याबद्दल शांतपणे लिहू शकत नाही.

निरुपद्रवीही नाही. न तपासलेलं काही शरीरात सोडणं कधीच निरुपद्रवी नसतं. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेली अशीच विनापरवाना उत्पादनं टोचून बारा जणांना जिवाणूसंसर्ग झाला, कुणाच्या सांध्यात, कुणाच्या रक्तात. त्याच्या आधी फ्लोरिडात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल’ टोचल्या, आणि त्यांची दृष्टी गेली. तो अहवाल २०१७ मध्ये आला. चरबी त्यांचीच होती. ‘आपलीच पेशी, मग धोका कसला’ असं शिबिरात म्हटलं असेल, तेव्हा हे आठवा. मधुमेह असलेल्या माणसाच्या गुडघ्यात जंतू गेले तर तो सांधा वाचवणं फार अवघड असतं.

आईंना हे सांगताना आशा मोडू नका. गोळ्या, जेवण, चालणं यांनी साखर आटोक्यात राहते आणि ती दर तीन महिन्यांनी तपासता येते. ती आशा खरी आहे.


मडगांव-फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशींबद्दल ताईंनी सांगितलंय, मी गुडघ्याबद्दल बोलते, कारण ग्रेड ३ म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही.

मांडीच्या पुढचा स्नायू कमजोर झाला की गुडघा दुखतो आणि गुडघा दुखला की तो आणखी कमजोर होतो. काकी दाराची चौकट धरून थांबतात असं तुम्ही लिहिलंय, ते आखडलेपण बसून उठल्यावरचंच आहे. फाती ओवताना त्या किती वेळ न हलता बसतात? दर वीसेक मिनिटांनी खुर्चीतच बसून पाय सरळ करायचा, टाच पुढे, पाचपर्यंत मोजायचं, खाली. दहा वेळा उजवा, दहा वेळा डावा. खुर्ची थोडी उंच घ्या, गुडघ्यापेक्षा मांडी खाली जाता कामा नये. कळ्यांची परडी जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, वाकून उचलताना गुडघा जास्त भरतो. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर आधी तो बदला; दोन लाख ऐंशी हजारांपैकी थोडे तिथे घाला, त्याचा फायदा पहिल्याच दिवसापासून मिळेल.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा जवळजवळ चार किलो भार कमी होतो. हे मोजून पाहिलेलं आहे. पाच किलो उतरवलेल्या माझ्या पेशंट बायका स्वतःहून जिना चढून दाखवतात.

हे तीन महिने मनापासून करून बघा. तरी रात्रीची झोप मोडत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. तेव्हा इंजेक्शन, मान्यताप्राप्त पेशी, गुडघा बदलणं, सगळ्यावर बोलता येईल. गुडघा बदलण्याची भीती अजून लोकांत फार आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून खर्चही पूर्वीसारखा राहिलेला नाही. पण त्रेसष्टीत, ग्रेड ३ वर, तो आजचा प्रश्न नाही.


म्हार्दोळकर

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. नाव नोंदवलेलं नाही आणि नोंदवणार नाही. बाबांनीच त्यांना फोन करून तसं सांगितलं. आई थोडी हिरमुसली होती, पण फिजिओ ताईंचं वाचून तिने स्वतःच परडी स्टुलावर ठेवून घेतली.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) अस्थिरोग विभागात दाखवायचं ठरवलंय. डीडीएसएसवायचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं, कार्ड आहे. बरोबर काय काय न्यायचं? जुना एक्स-रे झोपवून काढलेला आहे, तो चालेल का?


मडगांव-फिजिओ

झोपवून काढलेला एक्स-रे असेल तर तो न्या, पण तेवढ्यावर भागणार नाही. उभं राहून, दोन्ही गुडघ्यांवर वजन टाकून काढलेला एक्स-रे लागतो. झोपलेल्या माणसाच्या सांध्यातली फट मोठी दिसते आणि आजार आहे त्यापेक्षा कमी वाटू शकतो. तिथेच नवीन काढायला सांगतील, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. साखरेचे अलीकडचे रिपोर्ट आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि आधी कधी गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचा कागद. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर मधुमेह आहे हे आठवणीने सांगा; काही दिवस साखर वाढते, त्या दिवसांत घरी रोज तपासावी लागेल. आणि काकींना साडीऐवजी गुडघ्यापर्यंत सहज वर घेता येईल असं काहीतरी घालून न्या, तपासताना त्यांनाच बरं पडेल.